स्वयंसेवक : बाळाजी हुद्दार आणि स्पेनमधील यादवी युद्ध

१

एखाद्या कालखंडाचा इतिहास संस्थांच्या आधारे लिहिण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. संस्थांना दप्तरे असतात, वार्षिक वृत्तान्त असतात, शताब्द्या असतात. त्यामुळे अभ्यासकाचे काम सुकर होते. परंतु या पद्धतीत एक उणीव राहून जाते. जो माणूस एका संस्थेतून निघून दुसरीकडे गेला, त्याचे अर्धे आयुष्य पहिल्या संस्थेच्या इतिहासातून गळते, आणि उरलेले अर्धे दुसऱ्या संस्थेच्या इतिहासात अवघडल्यासारखे उभे राहते. गोपाळ मुकुंद तथा बाळाजी हुद्दार यांचे चरित्र हे अशा गळतीचे ठळक उदाहरण होय. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह आणि स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँको यांच्या सैन्याविरुद्ध लढलेला आंतरराष्ट्रीय पलटणीतील सैनिक, ही दोन्ही वर्णने एकाच माणसाची आहेत, आणि त्या दोहोंमध्ये जेमतेम आठ वर्षांचे अंतर आहे.

हा बदल मतांतराचा आहे हे उघडच आहे, व तसे म्हणून विषय संपविता येईल. प्रस्तुत लेखकास मात्र त्यात बदलाइतकेच सातत्यही दिसते, आणि ते सातत्य 'स्वयंसेवक' या एका शब्दात सापडते. हुद्दार यांच्या चरित्रातील घटनांचा मागोवा या शब्दाच्या आधारे घेणे, आणि त्यांचे स्मरण अंधुक का झाले याचे कारण शोधणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम दोन शब्दांविषयी. 'सिव्हिल वॉर' या इंग्रजी संज्ञेला मराठीने 'यादवी' हा प्रतिशब्द दिला, तो महाभारताच्या मौसलपर्वातून. प्रभासक्षेत्री यादव आपापसांत लढून नष्ट झाले. तेव्हा एका कुळाचा, एका घरचा अंतर्गत संहार हा या शब्दाचा गाभा आहे. यादवीत परक्याला जागा नाही. बाहेरचा माणूस तीत शिरला तर तो एकतर मध्यस्थ असावा किंवा लुटारू असावा, असेच या शब्दावरून वाटेल. नागपूरचा एक मराठी माणूस स्पेनच्या यादवीत काय करीत होता, हा प्रश्न म्हणूनच आपल्याला आपल्या भाषेमुळे अधिक तीव्रतेने पडतो.

दुसरा शब्द 'स्वयंसेवक'. आज या शब्दाने सभामंडपात पाणी देणारा, रांगा लावणारा कार्यकर्ता डोळ्यांपुढे येतो. ज्या 'व्हॉलंटियर' शब्दाचे हे भाषांतर आहे, त्याचा इंग्रजी अमलातील पहिला अर्थ मात्र सैनिकी होता. मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांतील व्हॉलंटियर पलटणी म्हणजे युरोपियन नागरिकांची शस्त्रधारी दले होत. त्यांत सामान्य हिंदी माणसास प्रवेश नव्हता, आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने त्याच्या हातचे हत्यारही काढून घेतले होते. म्हणूनच काँग्रेसच्या अगदी आरंभीच्या अधिवेशनांत हिंदी लोकांना व्हॉलंटियर दलात घ्यावे अशी मागणी करणारे ठराव आढळतात. ही मागणी फळास आली नाही. त्यानंतर शब्द राहिला, हत्यार गेले. अधिवेशनांतील व्यवस्था पाहणारा गणवेशधारी तरुण हा 'स्वयंसेवक' झाला. कवायत, शिट्टी, रांग, हुकूम हे सैनिकी अवशेष मात्र त्याच्याकडे टिकून राहिले. १९२० च्या नागपूर काँग्रेसमध्ये डॉ. ल. वा. परांजपे व डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी स्वयंसेवकांची जी उभारणी केली, तिच्याकडे या दृष्टीने पाहावे. पुढे १९२३ मध्ये डॉ. ना. सु. हर्डीकर यांचे हिंदुस्थानी सेवा दल, आणि १९२५ च्या विजयादशमीस नागपूर येथे हेडगेवार यांचा संघ, अशा दोन भिन्न दिशांना जाणाऱ्या संस्था याच एका कल्पनेतून निघाल्या.

या शब्दात दोन अर्थ एकत्र नांदत होते हे लक्षात ठेवावयास हवे. 'सेवक' या पदात शिस्त आहे, आज्ञापालन आहे. 'स्वयं' या पदात स्वतःची इच्छा आहे, म्हणजे आज्ञेआधीचा निर्णय आहे. सामान्यतः या दोहोंत विरोध येत नाही. हुद्दार यांच्या आयुष्यात तो आला.

३

हुद्दार यांचा जन्म १९०२ मध्ये मध्यप्रांतातील मंडला येथे झाला; शिक्षण व सार्वजनिक कार्य नागपुरास. हेडगेवार यांच्या प्रारंभीच्या सहकाऱ्यांत त्यांची गणना होते. नोव्हेंबर १९२९ मध्ये संघाच्या प्रमुख कार्यकर्त्यांची बैठक होऊन पदांची रचना ठरली. तीनुसार हेडगेवार सरसंघचालक, हुद्दार सरकार्यवाह आणि मार्तंडराव जोग सरसेनापती झाले. या तिन्ही नावांतील 'सर' हा उपसर्ग फारसी आहे व पुढील पदे संस्कृत आहेत. 'सरसेनापती' हा तर मराठेशाहीतील जुना शब्द. उरलेले दोन त्याच्या धर्तीवर घडविलेले. आपल्या पदांना सेनेच्या परंपरेतील नावे द्यावीत असे या तरुणांना वाटले, यावरून त्यांच्या मनातील 'स्वयंसेवक' कोणत्या प्रकारचा होता हे समजते. योगायोग असा की 'हुद्दार' हे आडनावही 'हुद्दा' या मूळ अरबी शब्दाशी निगडित दिसते. म्हणजे हा पदाधिकारी नावानेही पदाधिकारीच होता.

पुढील वर्षी सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. हेडगेवार यांनी १९३० मध्ये जंगल सत्याग्रहात व्यक्तिशः भाग घेतला व कारावास भोगला. संघ ही संस्था म्हणून मात्र चळवळीपासून अलग राहिली. संस्था अलग आणि व्यक्ती मोकळी, ही जी विभागणी त्या वेळी झाली, तीच हुद्दार यांनी आणखी टोकास नेली. क्रांतिकार्यासाठी द्रव्य उभारण्याच्या उद्देशाने बालाघाट येथे जो राजकीय दरोडा घालण्यात आला, त्या खटल्यात १९३१ मध्ये त्यांना अटक होऊन शिक्षा झाली. सरकार्यवाहपदाचा त्यांचा काळ येथे संपला. संस्था वाढविण्यासाठी तिला अशा प्रकरणांपासून दूर ठेवणे हेडगेवार यांना आवश्यक वाटले असेल, तर त्यात आश्चर्य नाही. ज्याने शस्त्राच्या दिशेने एक पाऊल टाकले आहे त्याला नुसत्या कवायतीत समाधान वाटणे कठीण, हेही तितकेच स्वाभाविक म्हटले पाहिजे.

याच वर्षी नागपूरच्या त्याच वर्तुळातील एक ज्येष्ठ पुरुष वेगळ्या मार्गाने त्याच प्रश्नाशी झगडत होते. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे हेडगेवार यांचे मार्गदर्शक. गोलमेज परिषदेहून परतताना ते इटलीस गेले आणि मार्च १९३१ मध्ये रोम येथे मुसोलिनी यांना भेटले. मुलांना लहानपणापासून सैनिकी वळण लावणाऱ्या तेथील बालिल्ला संघटनेची त्यांच्यावर मोठी छाप पडली. त्यांच्या रोजनिशीतच हा वृत्तान्त आहे. हिंदी तरुणांना सैनिकी शिक्षण मिळावे हा त्यांचा ध्यास इटलीच्या भेटीपूर्वीचा होता, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. त्या ध्यासाचे दृश्य फळ म्हणजे १९३७ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेले भोसला मिलिटरी स्कूल. सातपूर हे त्या वेळी नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाणाऱ्या वाटेवरचे एक खेडे होते; आज शाळेचा परिसर आणि सातपूर एकाच शहराचे भाग झाले आहेत.

१९३७ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. ज्या वर्षी नाशिकला ही शाळा सुरू झाली, त्याच वर्षी हुद्दार मुसोलिनींच्या सैन्याशी लढण्यासाठी स्पेनमध्ये दाखल झाले. निःशस्त्र केल्या गेलेल्या समाजाने पुन्हा शस्त्र कसे हाती घ्यावे, या एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे होत. पहिल्यात शस्त्र कोणाकडून शिकावे याचा विचार प्रधान होता. दुसऱ्यात ते कोणाविरुद्ध धरावे याचा.

४

तुरुंगातून सुटल्यावर हुद्दार पत्रकारितेच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथील हिंदी विद्यार्थी व ब्रिटिश डावे कार्यकर्ते यांच्या सहवासात त्यांच्या विचारांना नवे वळण मिळाले. स्पेनचे युद्ध हा तेव्हा लंडनमधील प्रत्येक राजकीय सभेचा विषय होता. जुलै १९३६ मध्ये लोकनियुक्त प्रजासत्ताकाविरुद्ध सेनाधिकाऱ्यांनी बंड केले. जर्मनी व इटली यांनी बंडखोरांना विमाने, रणगाडे व सैन्य पुरविले. ब्रिटन व फ्रान्स यांनी तटस्थतेचे धोरण स्वीकारले. त्यामुळे प्रजासत्ताकाच्या मदतीस जे लोक गेले ते आपापल्या सरकारांना डावलून गेले. १८७० च्या परकीय सैन्यभरतीविषयक कायद्यान्वये स्पेनमध्ये लढावयास जाणे हा गुन्हा ठरेल, असे ब्रिटिश सरकारने जानेवारी १९३७ मध्ये जाहीर केले होते. तरीही पन्नासहून अधिक देशांतून सुमारे पस्तीस हजार लोक आंतरराष्ट्रीय पलटणींत दाखल झाले. ब्रिटनमधून सुमारे अडीच हजार गेले. त्यांपैकी पाचशेहून अधिक परत आले नाहीत. पॅरिसपर्यंत सहलीच्या तिकिटावर जावे, तेथून दक्षिणेस उतरावे आणि पिरेनीज पर्वत रात्रीच्या अंधारात पायी ओलांडावा, हा त्यांचा नेहमीचा मार्ग होता.

हुद्दार ऑक्टोबर १९३७ मध्ये या पलटणींत दाखल झाले, ते 'जॉन स्मिथ' या नावाने. इंग्रजीत याहून सामान्य नाव सापडणार नाही. स्मिथ म्हणजे लोहार. ज्याला ओळख लपवावयाची आहे त्याला हे नाव सोयीचे, पण त्यामुळे पुढच्या अभ्यासकाची वाट बंद होते. हिंदी नावे शोधीत कागदपत्रे चाळणाऱ्याच्या दृष्टीस जॉन स्मिथ पडत नाही.

ज्या ब्रिटिश तुकडीत ते गेले तिच्या नावाची कथाही मनोरंजक आहे. तिचे अधिकृत नाव 'सकलातवाला बटालियन' असे होते. शापुरजी सकलातवाला हे मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ, लंडनमधील बॅटरसी मतदारसंघातून पार्लमेंटवर निवडून आलेले कम्युनिस्ट सभासद. जानेवारी १९३६ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेले हे नाव सैनिकांच्या तोंडी रुळले नाही. सर्वजण तिला 'ब्रिटिश बटालियन' म्हणत, व इतिहासग्रंथांतही तेच नाव बहुधा येते. असा प्रकार झाला की तुकडीचे नाव हिंदी पण ओळख ब्रिटिश, आणि तीतील हा माणूस हिंदी पण नाव इंग्रजी. नावांवरून इतिहास लिहू पाहणाऱ्याने हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

स्पेनमध्ये गेलेले हिंदी लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. डॉ. मदनमोहन अटल व डॉ. मॅन्युएल पिंटो यांच्यासारखे वैद्यकीय सेवेत गेले. मुल्कराज आनंद लेखक म्हणून जाऊन आले. रणभूमीवर बंदूक घेऊन उभे राहिलेल्यांत हुद्दार यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. सरकार्यवाह म्हणून ज्याने इतरांची रांग लावली होती, तो येथे रांगेतला एक झाला.

येथे 'स्वयंसेवक' शब्दाकडे पुन्हा वळले पाहिजे. कारण स्पेनमध्ये त्याच्या अर्थावरूनच एक वेगळे युद्ध चालले होते. आंतरराष्ट्रीय पलटणींच्या मुखपत्राचे नाव मराठीत सांगायचे तर 'स्वातंत्र्याचा स्वयंसेवक' असे होते. दुसऱ्या बाजूस मुसोलिनींनी पाठविलेल्या फौजेचे अधिकृत नावही 'स्वयंसेवक सैन्यदल' असेच होते. त्या दलातून युद्धकाळात सत्तर हजारांवर इटालियन सैनिक स्पेनमध्ये येऊन गेले; त्यांचे सेनापती, शस्त्रे व पगार इटालियन सरकारचे होते. लंडनमध्ये बसणाऱ्या तटस्थता समितीत 'स्वयंसेवक परत बोलाविण्या'ची चर्चा महिनोन् महिने चालली. तीत कायदा मोडून पिरेनीज ओलांडणारा खाणकामगार आणि हुकमावरून जहाजात चढलेला इटालियन शिपाई यांना एकच शब्द लावला जात असे. तिसरा वर्ग होता फ्रँको यांच्या मोरोक्कन पलटणींचा. वसाहतीतून भरती करून मायदेशीच्या लढाईत उतरविलेले ते हजारो गरीब लोक होते. हा वर्ग हिंदी माणसास सर्वांत परिचित. फ्लँडर्स व मेसोपोटेमिया येथे पहिल्या महायुद्धात आपले शिपाई अशाच रीतीने लढले होते. परक्या भूमीवर लढणारा हिंदी सैनिक ही नवी गोष्ट नव्हती. कोणत्याही सरकारने न पाठविता गेलेला हिंदी सैनिक ही मात्र नवी गोष्ट होती, आणि हुद्दार यांच्या बाबतीत 'स्वयं' हे पद पूर्ण अर्थाने लागू पडते ते यामुळे.

५

मार्च १९३८ मध्ये फ्रँको यांच्या सैन्याने आरागॉन प्रांतात मोठी चढाई केली व प्रजासत्ताकाची आघाडी कोसळली. ३१ मार्च रोजी कालासेइते गावानजीक ब्रिटिश बटालियन इटालियन रणगाड्यांच्या तावडीत सापडून तिची वाताहत झाली. पुढील काही दिवसांत गांदेसाच्या परिसरात माघार घेणाऱ्या तुकड्या तुटून पडल्या. या पडझडीत हुद्दार शत्रूच्या हाती लागले. १५ एप्रिलला फ्रँको यांचे सैन्य भूमध्य समुद्राला भिडले आणि प्रजासत्ताकाचा प्रदेश दुभंगला.

परदेशी कैद्यांना बुर्गोस शहराजवळील सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात ठेवण्यात येई. स्पॅनिश वीरकाव्याचा नायक एल सिद याच्या आख्यायिकेशी हा मठ जोडलेला आहे. तेथे शेकडो कैदी दाटीवाटीने राहत. उवा, अपुरे अन्न व मारहाण हा नित्यक्रम होता. फ्रँको यांच्या बाजूचे मनोविकारतज्ज्ञ वाल्येहो-नाहेरा यांनी याच कैद्यांवर प्रयोग केले. मार्क्सवादी विचार हा मनाच्या व देहाच्या विकृतीतून येतो, असे त्यांना सिद्ध करावयाचे होते. त्यासाठी कैद्यांची मोजमापे घेण्यात आली व प्रश्नावल्या भरून घेण्यात आल्या. एखादा माणूस स्वतःच्या विचाराने येथवर येऊ शकतो, ही गोष्टच या संशोधनाला मान्य नव्हती. कैद्यांनी आपल्या परीने याला उत्तर दिले. भाषा, गणित, इतिहास यांचे वर्ग त्यांनी चालविले आणि हाताने लिहिलेले एक वृत्तपत्रही काढले.

याच वर्षी जूनमध्ये पंडित जवाहरलाल नेहरू, व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यासह, बार्सिलोनास गेले होते. पलटणीतील सैनिकांना ते भेटले आणि हिंदी जनतेची सहानुभूती त्यांनी प्रकट केली. त्या सहानुभूतीचे सर्वांत सबळ प्रमाण त्या वेळी आघाडीच्या पलीकडे, बुर्गोसच्या बाजूस, बंदिवान होते. ब्रिटिश प्रजाजन असलेल्या कैद्यांची इटालियन कैद्यांशी अदलाबदल करण्याच्या वाटाघाटी पुढे झाल्या, आणि १९३८ च्या उत्तरार्धात हुद्दार सुटले. ज्या सरकारने १९३१ मध्ये त्यांना तुरुंगात घातले, त्याच सरकारचा प्रजाजन म्हणून त्यांची सुटका झाली. लंडनमधील हिंदी मंडळींनी त्यांचे जाहीर स्वागत केले व त्या वर्षअखेरीच्या सुमारास ते मायदेशी परतले.

६

परत आल्यावर त्यांच्या आयुष्यातील जो प्रसंग सर्वांत अधिक वादाचा ठरला, तो नाशिकजवळ घडला. सुभाषचंद्र बोस यांनी एप्रिल १९३९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदाचा राजीनामा देऊन मे महिन्यात फॉरवर्ड ब्लॉकची स्थापना केली होती, व येऊ घातलेल्या महायुद्धाचा लाभ घेण्यासाठी ते निरनिराळ्या शक्तींशी संधान बांधू पाहत होते. हेडगेवार त्या वेळी प्रकृतीच्या कारणाने देवळाली येथे राहिले होते. हवापालटासाठी देवळालीस येण्याचा प्रघात त्या काळी मोठा होता. हुद्दार यांच्या कथनानुसार, बोस यांच्या वतीने हेडगेवारांची भेट ठरविण्यासाठी ते एका सहकाऱ्यासह देवळालीस गेले. आत गेले तेव्हा हेडगेवार स्वयंसेवकांशी हास्यविनोद करीत होते. भेटीचा विषय निघताच मात्र त्यांनी आजारपणाचे कारण पुढे केले व भेट टाळली. हे कथन हुद्दार यांनी ७ ऑक्टोबर १९७९ च्या 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'त प्रसिद्ध केले. तेव्हा त्यांचे वय सत्याहत्तर वर्षांचे होते.

या साक्षीचे मूल्य काय? राजकीय वादात तिचा उपयोग दोन्ही बाजूंनी होत आला आहे. अभ्यासकाने तिचे घटक वेगळे करून पाहावेत. ती चाळीस वर्षांनंतरची आहे, एकट्याची आहे, आणि मधल्या काळात साक्षीदाराची निष्ठा पूर्णपणे बदललेली आहे. उलट पक्षी, तो हेडगेवार यांचा जुना, निकटचा सहकारी होता व प्रत्यक्ष हजर होता. दुसरीकडे, हेडगेवार यांच्या चरित्रकारांनी १९३९ मध्ये देवळालीस त्यांना न्यूमोनियाचा गंभीर विकार झाल्याचे नमूद केले आहे. पुढील वर्षी २० जून १९४० रोजी बोस स्वतः नागपुरास हेडगेवार यांच्या भेटीस गेले असता ते अत्यवस्थ होते व बोलणे होऊ शकले नाही. दुसऱ्या दिवशी, २१ जूनला, त्यांचे निधन झाले. तेव्हा आजार ही सबब नव्हती, वस्तुस्थिती होती, एवढे मानणे भाग आहे. परंतु खरा आजार असलेला माणूसही त्या आजाराचा आधार घेऊन नको असलेली भेट टाळू शकतो. त्यामुळे चरित्रकारांच्या नोंदीने हुद्दार यांची साक्ष खोटी ठरत नाही. देवळालीस बोलणी होऊ शकली नाहीत, हे दोन्ही वृत्तान्तांवरून निष्पन्न होते. हेतूविषयी मात्र एकाच श्रोत्याने बांधलेला तर्क आपल्यापुढे आहे, व तो तर्क म्हणूनच वाचला पाहिजे.

या प्रसंगाकडे आणखी एका अंगाने पाहता येते. देवळालीच्या त्या खोलीत 'स्वयंसेवक' शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर आले होते. एकाच्या दृष्टीने संघटना शाबूत ठेवणे, तिची शिस्त व संख्या वाढविणे, हेच कार्य होते. योग्य वेळ कोणती हे संघटना ठरवील. दुसरा अशा युद्धातून आला होता की जेथे वेळ येईपर्यंत थांबलेली सरकारे त्याने पाहिली होती. योगायोग असा की, त्याच वर्षी हुद्दार यांनी दहा वर्षांपूर्वी भूषविलेल्या सरकार्यवाहपदावर माधव सदाशिव गोळवलकर यांची नेमणूक झाली. संस्था पुढे गेली. तिच्या पहिल्या सरकार्यवाहाचे नाव यादीत तेवढे राहिले.

हुद्दार नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले, नागपूर भागात त्यांनी काही वर्षे काम केले, व कालांतराने त्या पक्षातूनही बाहेर पडले. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

७

हुद्दार यांच्या विस्मरणाचे कारण समजून घेण्यास त्यांच्याच समकालीन अशा दुसऱ्या मराठी माणसाचे उदाहरण उपयोगी पडते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून चीनला निघालेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते. पथकाचे प्रमुख होते स्पेनमध्ये काम करून आलेले डॉ. अटल, आणि नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्यात होते. कोटणीस यांनी आठव्या मार्ग सेनेत वैद्यकीय अधिकारी म्हणून सेवा केली, व ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते तेथेच मरण पावले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला, चीनमध्ये त्यांचे स्मारक आहे, सोलापुरातही आहे.

दोघेही मराठी, दोघेही परक्या भूमीवर फॅसिस्ट आक्रमणाविरुद्ध उभे राहिले, दोघेही एकाच दशकात. कोटणीस यांचा त्याग निःसंशय थोर आहे, आणि मृत्यूने त्यावर शिक्कामोर्तब केले. परंतु दोघांच्या स्मरणातील तफावतीचे तेवढेच कारण नाही. कोटणीस यांना काँग्रेसने पाठविले होते व चीनने स्वीकारले होते. पाठविणारी आणि स्वीकारणारी अशा दोन्ही संस्था पुढे सत्तेवर आल्या, आणि त्यांनी त्यांची स्मृती जतन केली. हुद्दार यांना कोणीच पाठविले नव्हते, आणि ज्या प्रजासत्ताकाने त्यांना स्वीकारले ते १ एप्रिल १९३९ रोजी नामशेष झाले. स्पेनमध्ये त्यानंतर छत्तीस वर्षे त्यांच्या शत्रूंचे राज्य होते. मायदेशी पहिल्या संस्थेला त्यांचा उत्तरार्ध अडचणीचा, दुसरीला पूर्वार्ध. अशा माणसाची पुण्यतिथी कोण पाळणार?

यावरून अभ्यासकाने घ्यावयाचा बोध असा की, १९३० नंतरच्या दशकातील मराठी सार्वजनिक जीवन आपण आज ज्या कप्प्यांत विभागतो, ते कप्पे त्या काळात तयार होत होते. तयार झालेले नव्हते. एका नागपुरात, एकाच बैठकीत, पुढे परस्परविरुद्ध टोकांना गेलेली माणसे एकाच प्रश्नाने अस्वस्थ होती. नंतरच्या लेबलांनी मागील आयुष्ये वाचू गेल्यास हुद्दार यांच्यासारखा माणूस एकतर फितूर ठरतो किंवा पश्चात्तापदग्ध ठरतो. ते दोन्ही नव्हते. १९२९ मध्ये, १९३१ मध्ये आणि १९३७ मध्ये त्यांनी केलेली कृती एकाच वृत्तीची आहे : कोणी बोलाविण्याची वाट न पाहता जाणे. ती वृत्ती नेहमी शहाणपणाची होती असे म्हणवणार नाही. बालाघाटच्या प्रकरणाचे समर्थन करण्याची आवश्यकता नाही. परंतु 'स्वयंसेवक' या शब्दातील पहिले पद ज्यांनी अखेरपर्यंत गंभीरपणे घेतले, अशांत त्यांची नोंद झाली पाहिजे. ती 'जॉन स्मिथ' या नावाखाली झालेली असो वा 'हुद्दार' या नावाखाली, ती एकाच माणसाची नोंद म्हणून वाचणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम होय.